मार कसा खाता, त्यावर ठरतं!

ऑनलाइन गेममध्ये टँक व्हायचं ठरवलं, की पहिला प्रश्न पडतो : सहापैकी कुठला? ‘बेस्ट टँक’च्या याद्या नंतर वाचा. आधी स्वतःचा स्वभाव बघा, मग घरची लाइन!

आमच्या जत तालुक्यात ‘टँक’ म्हटलं, की लोकांना पाण्याचा टँकर आठवतो. पाऊस दगा देतो त्या वर्षी उन्हाळ्यात पूर्वेकडच्या गावांमध्ये घागरी आणि बॅरल रांगेत लागतात आणि अख्खं गाव रस्त्याकडे डोळे लावून बसतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये थोडंफार असंच चालतं. तिथल्या डन्जनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या भुयारात, शिरायला पाच जण लागतात. तलवार चालवणारे, आगीचे गोळे फेकणारे उत्साही गडी पैशाला पासरी मिळतात. जखमा भरून काढणारा हीलरही सापडतो. आणि मग चौघं बसतात वाट बघत... टँक कधी येतोय?

हे दुखणं इतकं जुनं आहे, की ब्लिझार्ड कंपनीनं 2011 साली ‘कॉल टू आर्म्स’ नावाची योजनाच काढली. ज्या भूमिकेचा तुटवडा आहे ती घेऊन रांगेत या आणि वर बक्षिसाची थैली घेऊन जा! तुटवडा बहुतेक वेळा कुणाचा असायचा, हे सांगायला नकोच.

कारण सोपं आहे. आग फेकणाऱ्यानं एखादा गोळा चुकवला, तर कुणाला कळतही नाही. टँक चुकला, तर चार जण मरतात आणि चौघांनाही कळतं, कुणामुळे! ऑफिसमध्ये क्लायंटसमोर प्रेझेंटेशन द्यायला सगळे एकमेकांकडे का बघतात? तोच प्रकार.

फंडा क्लीअर करू या

टँकचं काम राक्षस मारणं नाही. राक्षसानं आपल्यालाच मारावं, अशी व्यवस्था करणं हे त्याचं काम. गेममधला प्रत्येक राक्षस मनातल्या मनात हिशेब ठेवतो : मला जास्त त्रास कोण देतंय? या हिशेबाला म्हणतात थ्रेट. टँकचे फटके फार जोरदार नसतात, पण राक्षसाच्या वहीत ते कैकपटींनी मोठे लिहिले जातात. तरीही तो दुसऱ्याकडे वळलाच, तर टँक त्याला डिवचतो. याला टाँट म्हणतात. शिवाय राक्षसाचं तोंड बाकीच्यांपासून फिरवून ठेवायचं, त्याचा मंत्र मध्येच तोडायचा, पुढच्या खोलीत कधी घुसायचं ते ठरवायचं. म्हणजे मार खाता खाता टीम लीडही करायची!

मराठी माणसाला हे खरं तर समजवावं लागू नये. 13 जुलै 1660 रोजी बाजीप्रभूंनी घोडखिंडीत काय केलं? सिद्दीची फौज संपवणं हे त्यांचं काम नव्हतंच. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत त्या फौजेला खिंडीत अडकवून ठेवायचं होतं. बॉस, याला म्हणतात टँकिंग!

ग्रुप मोडतो तो असा...

आता आमची गोष्ट. आम्ही पाच जण, सगळे जतचे, एकाच शाळेतले. मी पुण्यात, एक बंगळुरात, एक हैदराबादमध्ये, एक दुबईला आणि एक जतमध्येच, वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत. दर गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही भेटतो ते या गेममध्ये. राक्षस हे निमित्त. खरा कार्यक्रम हेडफोनवरच्या गप्पांचा : कुणाचं लग्न ठरलं, कुणाचे वडील आजारी आहेत, यंदा यल्लम्माच्या यात्रेला कोण कोण येणार.

दुबईवाला आमचा टँक. त्याच्याकडे बाळ झालं आणि त्यानं ढाल खाली ठेवली. काही इलाजच नव्हता! त्यानं फक्त मागं उभं राहून बाण मारायचे, म्हणजे बाळ रडलं तर पटकन उठता येईल, असं ठरलं. पहिला गुरुवार आम्ही टँक शोधण्यात घालवला. दुसऱ्या गुरुवारी एका बाहेरच्या टँकबरोबर गेलो, पण तो मराठी नसल्यामुळे गप्पा बंद! तिसऱ्या गुरुवारी दोघं आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. ग्रुप मोडतो तो असाच, हळूच.

चौथ्या गुरुवारी जतवाला म्हणाला, ‘‘मी हुतो की टँक. त्यात काय एवढं?’’

सगळे गप्प. शेवटी बंगळुरूवाल्यानं तोंड उघडलं. ‘‘लेका, तुझी लाइट?’’

‘‘लाइटीचं मी बघतो. कुठला घेऊ तेवढं सांगा.’’

हा ‘कुठला’ म्हणजेच क्लास, पात्राचा पेशा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये टँक होऊ शकणारे सहा पेशे आहेत. आमच्या चॅटवर दोन दिवस नुसती खणाखणी चालली. शेवटी काम माझ्याकडे आलं, कारण मी हीलर. गेली कित्येक वर्षं मी राक्षस कमी आणि टँकची हिरवी पट्टी जास्त बघितलीय. ही पट्टी म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य. आणि सांगतो, सहाही टँकची पट्टी वेगवेगळी हलते. स्वभाव कळतो तो तिथंच!

वॉरियर : जुना जाणता

2004च्या नोव्हेंबरात गेम आला, तेव्हा टँक म्हणजे वॉरियर हे समीकरणच होतं. चाळीस-चाळीस जणांच्या मोहिमा निघायच्या आणि सगळ्यांत पुढं ढाल घेऊन हाच. याचं इंधन म्हणजे राग. मार दिला की राग साठतो, मार खाल्ला की राग साठतो आणि तोच राग खर्चून ढाल वर येते. हिशेब रोखठोक. पट्टी ठरावीक लयीत खाली येते आणि मी ठरावीक लयीत ती भरतो. डोक्याला शॉट नाही. फक्त ढाल वेळेवर उचलायला हवी. उशीर झाला, की फटका सरळ अंगावर. मीटिंगला पाच मिनिटं आधी पोचणाऱ्यांनी डोळे मिटून वॉरियर घ्यावा.

पॅलाडिन : सगळ्यांची काळजी

सुरुवातीला पॅलाडिनला धड टाँटही नव्हता. डिसेंबर 2006मध्ये तो मिळाला. 2007च्या ‘बर्निंग क्रूसेड’पासून गर्दी अंगावर घ्यायची असेल तर पॅलाडिनच, असं लोक म्हणायला लागले. पायाखालची जमीन मंतरून हा तिच्यावर ठाण मांडतो आणि दहा-बारा राक्षस एकदम झेलतो. याची खासियत म्हणजे याचं लक्ष इतरांकडेही असतं. कुणाची पट्टी संपत आली, की हात ठेवून ती पूर्ण भरतो. कुणावर घाला आला, की त्यातला वाटा स्वतःवर घेतो. हीलर म्हणून मला असा सहकारी जाम आवडतो. पण त्यासाठी मार खाताना चार जणांच्या पट्ट्यांवर नजर हवी. ऑफिसात सगळ्यांचे वाढदिवस ज्याच्या लक्षात असतात, त्यानं हा घ्यावा.

डेथ नाइट : आधी मार, मग हिशेब

नोव्हेंबर 2008मध्ये आलेला हा गडी ढालच वापरत नाही. याचं सगळं भांडवल एका वारात : डेथ स्ट्राइक. गेल्या 5 सेकंदांत जेवढा मार खाल्ला, त्यातला काही भाग या वारानं परत मिळतो. म्हणजे मार खाण्याआधीच वार केला, तर हातात फारसं काही नाही! पट्टी तळाला जाऊ द्यायची, थांबायचं... आणि मग वार. क्षणात पट्टी वर! पाहणाऱ्याला सॉलिड वाटतं. माझं मात्र ब्लडप्रेशर वाढतं, कारण पट्टी यो-योसारखी हलत असते आणि मी धावून मदत करावी की नको, हेच कळत नाही. डेडलाइनच्या आदल्या रात्रीच ज्यांचं डोकं चालतं, हा पेशा त्यांच्यासाठी.

मंक : सगळं हप्त्यांवर

हा 2012 साली आला आणि आमच्या बँकवाल्या हैदराबादी मित्रानं याला लगेच ओळखलं : ‘‘हा तर ईएमआय!’’ अगदी बरोबर. मंकला बसलेल्या फटक्याचा थोडाच भाग लगेच लागतो. उरलेला पुढच्या 10 सेकंदांत हप्त्याहप्त्यानं वसूल होतो. या युक्तीचं नाव स्टॅगर. हप्ते फार साठले, की हा मडक्यातलं पेय पितो आणि कर्जाचा मोठा भाग माफ! पट्टी शांतपणे उतरते, एकदम कोसळत नाही. हीलरला विचार करायला वेळ मिळतो. पण कर्जावर लक्ष नसेल, तर राक्षस मेल्यावरही हप्त्यांनी हा मरू शकतो. क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर भरणाऱ्यांनीच इकडं फिरकावं.

डीमन हंटर : पाय जमिनीवर नाहीत

2016च्या ऑगस्टमध्ये आलेला हा सहावा. डोळ्यांवर पट्टी, पाठीला पंख. एका उडीत दोन उड्या मारतो, हवेत तरंगतो. बटणं मोजकी, वेग भन्नाट. राक्षसांच्या अंगातून निघालेले आत्म्यांचे तुकडे गोळा करून स्वतःला भरतो. नवीन माणसाला पटकन जमतो आणि मजाही येते. अडचण एकच, बाकीचे मागं पडतात! मी अजून मागच्या वळणावर आणि हा पुढच्या खोलीत दहा जणांना डिवचून मोकळा. सिग्नल सुटायच्या आधीच गाडी रेस करणारे लोक असतात ना? तेच.

ड्रुइड : अस्वल ते अस्वल

ड्रुइड गेममध्ये पहिल्यापासून आहे. 2012पर्यंत त्याचं मांजर आणि अस्वल एकाच खात्यावर चालायचं, मग टँकसाठी वेगळी ‘गार्डियन’ शाखा झाली. अस्वलाकडे ढाल नाही. फटका ढालीवर अडवता येत नाही, शस्त्रानं परतवताही येत नाही. आहे ते फक्त आडमाप शरीर आणि जाड कातडं. एक बटण दाबलं की कातडं आणखी जाड, पुन्हा दाबलं की त्यावर आणखी एक थर. पट्टी मुळातच लांबलचक आणि ती सावकाश हलते. लढाई चालू असताना मेलेल्या मित्राला उठवतो, हा बोनस. आणि टँकिंग नाहीच जमलं, तर ड्रुइडला आणखी तीन शाखा आहेत. त्यातली एक हीलरची. म्हणजे अंगावर घेतलेलं पात्र फुकट जात नाही. आमच्याकडच्या माडग्याळी एडक्यासारखा प्रकार : चकाचक काही नाही, पण समोरून कितीही टकरा बसू द्या, जागचा हलत नाही.

मग ते ‘टॉप टँक’ चार्ट?

सहा टँक लावून रांकेत बसवणारे चार्ट दर महिन्याला निघतात. पहिल्या नंबरचा टँक पुढच्या अपडेटला चौथा होतो, चौथा पहिला. शिवाय हे नंबर लागतात ते गेमच्या पार वरच्या पायऱ्यांवर. 2016पासून ‘मिथिक प्लस’ नावाची घड्याळ लावून खेळायची भुयारं आहेत. त्यांच्या शेवटच्या पायऱ्यांवर जगातले मोजके ग्रुप सेकंद मोजत असतात, तिथं दोन टक्क्यांनी फरक पडतो. गुरुवारी रात्री गप्पा मारत खेळणाऱ्या पाच जणांना सहापैकी कुठलाही टँक पुरतो. फायनल फँटसी 14 या दुसऱ्या मोठ्या गेममध्ये तर चारही टँक मुद्दाम एकमेकांच्या जवळपास ठेवलेत. तिथं सरळ आवडीनं निवडा आणि मोकळे व्हा.

चार्टमध्ये एक रकाना मात्र कधीच नसतो. तुमची लाइन कशी आहे?

जतच्या लाइनीवर कोण टिकेल?

आपल्याकडून खेळताना प्रत्येक बटण युरोपला नाहीतर सिडनीला जाऊन येतं. माझ्या पुण्याच्या कनेक्शनवर याला सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. जतवाल्याच्या कनेक्शनवर चांगल्या दिवशी पाव सेकंद आणि वारं सुटलं की किती ते विचारू नका. त्यात लाइट. इन्व्हर्टर आहे, पण राउटर चालू राहिला तरी गावातला टॉवर चालू राहील, याची गॅरंटी नाही.

पाव सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण डेथ नाइटचा सगळा खेळच ‘आत्ता’ या क्षणाचा. त्याचा ‘आत्ता’ उशिरा पोचला, की संपलं! वॉरियरची ढालही फटका बसून गेल्यावर वर येणार. आणि लाइन तुटली, तर पात्र काही क्षण पुतळ्यासारखं जागेवर उभं राहतं. त्या काही क्षणांत मेलं, तर राक्षस वळतात ते सहसा हीलरकडे. म्हणजे माझ्याकडे!

म्हणून मी यादी उलटी वाचली. बटण उशिरा पोचलं तरी कोण जगेल? हालचाल न करता कोण सगळ्यांत जास्त वेळ उभा राहील? उत्तर एकच येत होतं. अस्वल. कातड्याचे थर आधीच चढवून ठेवता येतात, वेळ साधायची घाई नाही. वर लांबलचक पट्टी. आणि माणूसही तसाच! दोन वर्षं पाऊस नसताना बाग तगवणारा, कमी बोलणारा आणि पटकन न चिडणारा.

‘‘अस्वल?’’ तो म्हणाला. ‘‘बरं हाय. शोभतंय.’’

पहिल्या रात्री तासाभरात आम्ही तीनदा मेलो. रस्ता त्याला माहीत नव्हता, त्याला इलाज नाही. चौथ्यांदा गेलो आणि मधल्या बॉसच्या ऐन तोंडावर त्याचा आवाज गेला. अस्वल जागेवर स्तब्ध. मी हातातलं सगळं टाकून फक्त त्याची पट्टी भरत राहिलो. अकरा सेकंद! बंगळुरूवाला मोठ्यानं मोजत होता, म्हणून आकडा लक्षात आहे. बाराव्या सेकंदाला आवाज आला, ‘‘हाय का कोण?’’ सगळे होते. बॉस अजून अस्वलालाच मारत होता.

सगळंच गोड झालं असं नाही. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत त्याला मोटर चालू करायला बागेत जावंच लागतं. तिथं कुठलाही क्लास कामाचा नाही. त्या आठवड्यात गेम बंद, असा नियमच आम्ही करून टाकला. आधी दर गुरुवारी भेटायचो, आता एक सोडून एक. पण पाचही जण भेटतो. दुबईवालासुद्धा, मांडीवर बाळ घेऊन.

एका संध्याकाळीत टँक निवडा!

• मार बसल्यावर तुम्ही काय करता? आधीच तयारी असते : वॉरियर. दुसऱ्याला लागलं का बघता : पॅलाडिन. दात-ओठ खाऊन परतफेड करता : डेथ नाइट. ‘नंतर बघू’ म्हणता पण खरंच बघता : मंक. जागा बदलता : डीमन हंटर. काहीच करत नाही, उभे राहता : ड्रुइड.

• तुमचा हीलर कोण? त्याला विचारा, कुठली पट्टी झेपेल. नवा हीलर आणि डेथ नाइट ही जोडी शक्यतो टाळाच.

• लाइन कशी? लाइन आचके देत असेल, तर अचूक वेळेवर चालणारा पेशा नको.

• वेळ किती? आठवड्यात एकच रात्र मिळत असेल, तर बटणं कमी असलेला घ्या. डीमन हंटर किंवा अस्वल.

• सराव कुठं? 2024च्या जानेवारीपासून गेममध्ये ‘फॉलोअर डन्जन’ आहेत. बाकीचे चार जण कॉम्प्युटरच चालवतो. कितीदाही मरा, कुणी बोलत नाही! दोन-तीन क्लास इथंच घालून बघा आणि मग चारचौघांत जा.

• आणि पहिल्याच मिनिटाला सांगून टाका : ‘मी नवीन आहे, सावकाश जाणार.’ चांगले ग्रुप थांबतात. न थांबणाऱ्यांचं तुम्हाला काय करायचंय?

तुमच्याही चॅटवर असाच एखादा ग्रुप टँकवाचून अडलेला असेल. ‘कोण होतंय टँक?’ या मेसेजवर सगळ्यांच्या निळ्या टिका आणि उत्तर कुणाचंच नाही. या वीकएण्डला तुम्हीच हात वर करा. मरालच पहिल्या तासात, पण पुढच्या गुरुवारी चौघं वेळेवर येतील.